तुफान, टायफून आणि चक्रीवादळ

धरमपेठेतील एका शिक्षिकेने विचारले आहे की, फिलिपाइन्समधील ‘टायफून’ची बातमी वर्गात सांगताना त्याला ‘तुफान’ म्हटले तर चालेल का, कारण दोन्ही शब्द एकाच घरातले वाटतात. आणि उन्हाळ्यात नागपूरच्या मैदानांवर उठणारी वावटळ हे त्याच वादळाचे धाकटे रूप मानावे का.

शब्दांचे नाते त्यांनी अचूक ओळखले आहे. ‘टायफून’च्या जडणघडणीत अरबी-फारसी ‘तूफान’, पोर्तुगीज खलाशांचा त्यावरून आलेला उच्चार, ग्रीक पुराणातील टायफॉन हा राक्षस आणि कँटोनीज बोलीतील ‘मोठा वारा’ या अर्थाचा ‘दाय फुंग’ असे अनेक प्रवाह मिसळलेले दिसतात आणि त्यांतला मूळ प्रवाह कोणता, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मराठीत ‘तुफान’ फारसीतून आला. मात्र आज आपण तुफान गर्दी, तुफान पाऊस, तुफान फटकेबाजी असे सर्रास म्हणतो. म्हणजे हा शब्द आता वस्तूचे नाव राहिलेला नसून जोर दाखवणारे विशेषण झाला आहे. त्यामुळे बातमीत ‘चक्रीवादळ’ हाच शब्द योग्य, आणि गरज वाटल्यास ‘टायफून हे चक्रीवादळ’ असे लिहावे.

टायफून हा वादळाचा वेगळा प्रकार नाही. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ११८ किलोमीटरच्या पुढे गेला की अशा वादळाला वायव्य प्रशांत महासागरात टायफून आणि अटलांटिकमध्ये हरिकेन म्हणतात. उत्तर हिंदी महासागरात त्याची गणना अतितीव्र किंवा त्याहून वरच्या श्रेणीच्या चक्रीवादळांत होते. नोव्हेंबर १९८९ मधील ‘गे’ नावाचे वादळ हे याचे नेमके उदाहरण आहे. थायलंडच्या आखातात ते टायफून होते, तेथील चिंचोळी भूमी ओलांडून बंगालच्या उपसागरात उतरले, आणि आंध्र प्रदेशात कावलीजवळ किनाऱ्यावर आदळले तेव्हा आपल्या लेखी ते चक्रीवादळ होते. वादळ तेच राहिले, फक्त समुद्र बदलला म्हणून नाव बदलले.

‘चक्री’ हे पद मला विशेष मोलाचे वाटते, कारण वादळ कसे घडते हे त्यातच सांगितलेले आहे. समुद्राचे पाणी वरच्या सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत साडेसव्वीस अंश सेल्सिअसहून अधिक तापलेले असले की त्यावरची दमट हवा वर चढते, तिच्यातील बाष्पाचे ढग होताना उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने हवा आणखी जोराने वर जाते आणि खाली कमी झालेला दाब भरून काढण्यासाठी चहूबाजूंनी वारे धावतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे हे वारे सरळ केंद्राकडे न जाता वळतात, आणि उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागतात. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हा वळवणारा परिणाम नगण्य असल्याने तेथे पाणी कितीही तापले तरी चक्र सहसा धरत नाही. भूमीवर आल्यावर बाष्पाचा पुरवठा तुटतो आणि वादळ ओसरते. बंगालच्या उपसागरातून निघालेल्या अशा वादळांचे अवशेष ओडिशा, छत्तीसगड ओलांडून विदर्भात येतात, तेव्हा ते बहुधा केवळ पाऊस देतात.

वावटळीचे घराणे वेगळे आहे. ती तापलेल्या कोरड्या जमिनीवर, निरभ्र आकाशाखाली उठते, धूळ आणि पाचोळा फिरवत काही मिनिटांत विरते आणि कोणत्याही दिशेने फिरू शकते, कारण एवढ्या लहान भोवऱ्यावर पृथ्वीच्या फिरण्याचा प्रभाव पडत नाही. (‘वावटळ’ आणि आपल्याकडच्या ‘वारं-वावधन’ यांतील ‘वाव’ म्हणजे संस्कृत ‘वात’, हा सुंदर जुना अवशेष टिकायला हवा.) भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांतील ‘आवर्त’ समशीतोष्ण प्रदेशातील वादळांनाही सामावून घेतो, म्हणून तो शास्त्रीय लेखनात ठेवावा. हिंदीच्या सहवासाने नागपुरात रूढ झालेल्या ‘चक्रवात’ची मराठीला गरज नाही.

तरीही ‘चक्रीवादळ’ या शब्दात एक उणीव आहे: तो फक्त वाऱ्याविषयी बोलतो. ३ जून २०२० रोजी रायगडात ‘निसर्ग’ने घरांची छपरे उडवली आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, ते काम वाऱ्याचे होते, परंतु मोठी जीवितहानी पुष्कळदा वाऱ्याने किनाऱ्याकडे ढकललेल्या समुद्राच्या पाण्यामुळे होते. १९७० मध्ये तत्कालीन पूर्व पाकिस्तानात आलेल्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे दगावली, ती प्रामुख्याने अशा पाण्यामुळे. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी ‘हैयान’ या टायफूनने फिलिपाइन्समधील टाक्लोबान शहरात पाच-सहा मीटर पाणी चढवले. इशारा आधी दिलेला होता, पण त्यातील ‘स्टॉर्म सर्ज’ ही पारिभाषिक इंग्रजी संज्ञा अनेकांना उमगली नाही. त्सुनामीसारखे पाणी येईल असे सांगितले असते तर आम्ही निघून गेलो असतो, असे वाचलेल्यांपैकी पुष्कळांनी नंतर सांगितले. त्या वादळात देशभरात ६,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

मराठीत या पाण्याला ‘उधाण’ म्हणण्याचा प्रघात मला धोक्याचा वाटतो. कोकणातल्या माणसासाठी उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती. ती तिथीनुसार ठरलेली आणि ओळखीची असते, त्यामुळे त्या शब्दाने कोणी घर सोडणार नाही. ‘वादळी लाट’ही पुरेसे नाही, कारण लाट येऊन परत जाते आणि येथे समुद्राची पातळीच वर चढलेली असते. धरणामागे साठून गावाकडे सरकणाऱ्या पाण्याला आपण ‘फुगवटा’ म्हणतो, त्यावरून ‘वादळी फुगवटा’ ही संज्ञा पाठ्यपुस्तकासाठी मी सुचवीन. अरबीत ‘तूफान’चा अर्थ मुळात महापूर असा होता, नोहाच्या काळातील प्रलयासाठी कुराणात हाच शब्द आहे, पाण्याचा तो अर्थ मराठीत उतरला असता तर नवी संज्ञा घडवावी लागली नसती. प्रत्यक्ष इशाऱ्यात मात्र कोणतीच संज्ञा न वापरता ‘समुद्राचे पाणी तीन पुरुष उंच चढेल आणि गावात शिरेल’ असे सरळ वाक्य लिहावे.