यंत्रप्रियकराचे गाणे बसवताना

यंत्रमानव प्रियकरासाठी झुरणाऱ्या नायिकेचे कॅबरे-गीत तुम्ही प्रथमच बसवत आहात, म्हणून आवर्जून सांगतो की त्यातील विनोद शब्दांनी आधीच साधलेला असतो. गायिकेने ती ओढ पूर्णपणे खरी मानूनच गायला हवी. १८८१ मध्ये पॅरिसच्या मोंमार्त्र भागात ‘ल शा न्वार’ हे कॅबरेगृह सुरू झाले, तेव्हापासून कॅबरे ही मुख्यतः छोट्या जागेतील, श्रोत्यांच्या निकट सादर होणारी कला राहिली आहे. त्यामुळे येथे मोठ्या आवाजापेक्षा स्पष्ट उच्चार आणि नजर अधिक प्रभावी ठरतात. कडवे बोलल्यासारखे, लय किंचित सैल सोडून म्हणा. ध्रुवपदात मात्र पियानोच्या ठेक्याला घट्ट धरून राहा, कारण त्या काटेकोरपणातच यंत्र ऐकू येते. म्हणूनच यांत्रिक हातवारे मला अनावश्यक वाटतात. ते पहिल्याच तालमीत काढून टाका.