जर्मनीत घरचं इंटरनेट आणि टीव्ही: कोल्हापुरातून येणाऱ्यासाठी

भावा, पुढच्या महिन्यात राजारामपुरी सोडून बायको-पोरासह श्टुटगार्टला राहायला येतोयस. घरी इंटरनेट कसं घ्यायचं, आई-बाबांशी व्हिडिओ कॉल नीट होईल का, मराठी मालिका आणि क्रिकेट टीव्हीवर लागेल का, तिकडचा राउटर आणि फायर स्टिक सोबत आणू का, असं तू विचारलंयस. क्रमाने सांगतो.

कोल्हापुरात केबलवाल्याला फोन केला की पोरगं येतं, या गच्चीवरून त्या गच्चीवर वायर टाकतं आणि संध्याकाळपर्यंत नेट सुरू होतं. जर्मनीत भाड्याच्या घरात तसं होत नाही. इमारतीत जी लाइन आधीपासून आहे, तीच तुला मिळणार. म्हणून घर बघायला जाशील तेव्हाच भिंतीवरच्या सॉकेटचे फोटो काढ. शेजारी शेजारी तीन खाचा आणि त्यावर एन-एफ-एन अशी अक्षरं असतील तर ते टीएई सॉकेट, म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं डीएसएल. गोल तोंडांच्या सॉकेटमध्ये टीव्ही आणि रेडिओशिवाय तिसरं, स्क्रूसारखे आटे असलेलं तोंड असेल तर केबल इंटरनेट. छोटी पांढरी डबी आणि तिच्यात बारीक फायबर दिसला तर नशीब चांगलं, त्या घराला ग्लासफाझर, म्हणजे फायबर, आहे. त्या डबीवर होम-आयडी छापलेला असेल तर तोही टिपून ठेव, ऑर्डर देताना लागू शकतो.

फायबर असेल तर डोळे झाकून तेच घे. नसेल तर विचार करावा लागतो. डीएसएलचा वेग रस्त्यावरच्या टेलिफोनच्या करड्या पेटीपासून तुझं घर किती लांब आहे यावर ठरतो. जाहिरातीत २५० एमबीपीएस लिहिलेलं असलं तरी तार लांबली की वेग झपाट्याने पडतो. केबलवर १००० पर्यंत मिळतात, पण ती लाइन आसपासच्या घरांत वाटलेली असते, त्यामुळे संध्याकाळी सगळे टीव्हीपुढे बसले की ती मंदावू शकते. शिवाय १००० च्या केबल प्लॅनलाही अपलोड साधारण ५० च असतं. १०० च्या डीएसएलला ते ४० पर्यंत मिळतं. व्हिडिओ कॉलला अपलोडच महत्त्वाचं. नेटफ्लिक्सला एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरतात, म्हणून तिघांच्या घराला १०० चा प्लॅन भरपूर झाला. हजाराच्या मोहात पडू नकोस.

भाडेकरार झाला की त्याच दिवशी ऑर्डर दे, कारण लाइन सुरू व्हायला काही आठवडे सहज जातात. आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, असलेलं बँक खातं लागतं, कारण पैसे महिन्याला थेट खात्यातून कापले जातात. फॉर्मवर मजला आणि दार डावीकडे की उजवीकडे हे अचूक लिही. आधीच्या भाडेकरूचं आडनाव घरमालकाकडून विचारून घेतलंस तर तळघरातल्या जोडण्यांमधून तुझ्या घराच्या तारांची जोडी शोधणं टेक्निशियनला सोपं जातं.

करार वाचताना तीन गोष्टी बघ. पहिल्या काही महिन्यांचा स्वस्त दर संपल्यावर खरा दर किती, जोडणीचा एकरकमी आकार किती, आणि मुदत किती. मुदत जास्तीत जास्त २४ महिन्यांची असते आणि १२ महिन्यांचा पर्याय कंपनीला द्यावाच लागतो. मुदत संपल्यावर, डिसेंबर २०२१ पासूनच्या कायद्याने, एका महिन्याच्या नोटिशीवर कधीही बाहेर पडता येतं. ऑनलाइन, फोनवर किंवा दारात केलेला करार १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येतो. दारावर येणाऱ्या विक्रेत्याच्या टॅबवर मात्र सही करू नकोस. नवीन आलेल्या, भाषा न येणाऱ्या माणसांना ते हमखास गाठतात.

मधल्या आठवड्यांसाठी सुपरमार्केटमधलं प्रीपेड सिम घे. पासपोर्ट दाखवून ओळख पटवल्याशिवाय ते चालू होत नाही, म्हणून पहिल्या दोन दिवसांतच ते काम उरक.

आता टेक्निशियनचा दिवस. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तो सकाळी ८ ते १२ किंवा दुपारी १२ ते ४ अशा वेळेत येतो आणि फोन करेलच असं नाही. खाली बेलवर ज्या नावाने करार केलास तेच नाव दिसलं नाही तर तो परत जातो आणि पुढची तारीख आठवड्यांनी मिळते. घरमालकाने पाटी लावेपर्यंत बेलवर आणि टपालपेटीवर कागदावर नाव लिहून चिकटव. जोडणीची पेटी बहुधा तळघरात कुलपात असते, म्हणून हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला, आदल्या दिवशी सांगून ठेव. राउटरची तार टीएई सॉकेटच्या मधल्या, एफ लिहिलेल्या खाचेत जाते. घरात दोन-तीन टीएई असतील तर पहिल्यालाच जोड. पुढे फाटे फुटलेल्या जुन्या तारांनी लाइन तुटत राहते आणि लोक उगाच राउटर बदलत बसतात.

राउटर भाड्याने घे किंवा स्वतःचा आण, ऑगस्ट २०१६ पासून तो हक्क ग्राहकाचा आहे. फक्त डीएसएल, केबल आणि फायबर यांचे राउटर वेगवेगळे असतात. जुना केबल राउटर विकत घेऊ नकोस. तो मुळात कंपनीच्या मालकीचा निघाला तर दुसऱ्याच्या नावावर चालूच होत नाही. स्वतःचा राउटर लावणार असशील तर टपालाने येणारं लॉगिनचं पत्र जपून ठेव, त्याशिवाय डीएसएल जोडता येणार नाही. तुझ्या कोल्हापूरच्या फायबरवाल्याचा डबा इथे निरुपयोगी आहे, तो परत कर आणि डिपॉझिट वसूल कर. स्वतः विकत घेतलेला साधा वायफाय राउटर असेल तर इथल्या राउटरला लॅनने जोडून मागच्या खोलीसाठी वापरता येईल. वीज दोन्हीकडे २३० व्होल्टच आहे, पण तीन पिनांचा प्लग इथे बसत नाही.

वेग कमी वाटला तर नुसती तक्रार करून भागत नाही. करारात किमान, नेहमीचा आणि कमाल असे तीन वेग लिहिलेले असतात. बुंडेसनेट्झआगेन्टुर या सरकारी नियामकाचं मोजणीचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घाल, लॅनची तार लाव, आणि ते सांगेल त्याप्रमाणे तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून ३० मोजण्या घे. वायफायवरची मोजणी धरत नाहीत. अहवालात कमतरता सिद्ध झाली की बिल कमी करून मिळतं किंवा करार मोडता येतो. ठरलेल्या वेळी टेक्निशियन आलाच नाही तर किमान १० युरो भरपाई मागता येते. मागितल्याशिवाय बहुधा कोणी देत नाही.

टीव्ही घेतलास किंवा नाही घेतलास, रुंडफुंकबाइट्राग नावाचं प्रसारण शुल्क घरटी महिना १८.३६ युरो भरावंच लागतं. बहुधा तीन महिन्यांचे ५५.०८ एकदम. पत्ता नोंदवला की त्याचं पत्र येतं. ते जाहिरात समजून टाकून देऊ नकोस, थकबाकी आणि दंड दोन्ही चढतात. एका घराला एकच शुल्क. एआरडी आणि झेडडीएफ या सार्वजनिक वाहिन्यांची अ‍ॅप्स मात्र फुकट आहेत, पोराचं जर्मन सुधारायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

मराठी मालिकांचं म्हणशील, तर प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक विकले जातात. भारतात काढलेलं सबस्क्रिप्शन जर्मनीत उघडेल असं गृहीत धरून निघू नकोस, आणि निघायच्या आधी वर्षभराचं तर अजिबात भरू नकोस. अ‍ॅपच्या मदत पानावर देशांच्या यादीत जर्मनी आहे का बघ आणि आधी एक महिना घेऊन पाहा. क्रिकेटचे हक्क तर स्पर्धेगणिक वेगळे. नेटफ्लिक्स चालेल, पण यादी बदललेली दिसेल. भारतातलं प्राइम आणि जर्मनीतलं प्राइम ही दोन वेगळी सदस्यत्वं आहेत. व्हीपीएन, म्हणजे तू दुसऱ्याच देशात आहेस असं भासवणारं सॉफ्टवेअर, अनेक अ‍ॅप्स ओळखून अडवतात, त्यावर सगळी व्यवस्था उभी करू नकोस. घड्याळाचाही विचार कर: उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. म्हणजे रात्री आठची मालिका तू ऑफिसात असताना लागणार, तेव्हा नंतर बघता येईल असंच अ‍ॅप घे. फायर स्टिक आण, लहानशी आहे आणि यूएसबी चार्जरवर चालते. मात्र खात्याचा देश बदलावा लागेल. टीव्ही इथेच घे.

टॉरेंटवरून सिनेमा उतरवायला जाऊ नकोस. उतरवतानाच तो सिनेमा तुझ्या लाइनवरून इतरांनाही पोचत असतो, आणि वकिलाचं शेकडो युरोंच्या मागणीचं पत्र ज्याच्या नावावर लाइन आहे त्याच्याच घरी येतं. पाहुण्याने उतरवलं तरी पत्र तुलाच. टॉरेंटवर चालणारी फुकट सिनेमांची अ‍ॅप्सही त्यातच आली.

आणि कोल्हापूरचं सिम बंद करू नकोस. बँकेचे आणि भारतीय अ‍ॅप्सचे ओटीपी त्यावरच येतात. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घे, आणि कमीत कमी रिचार्जची तारीख घरच्यांपैकी कुणाच्या तरी फोनमध्ये आठवण म्हणून लावून ठेव.