ऋग्वेदाचे संपादक आणि रणांगणावरचा निळा क्रूस

प्रश्न : पहिल्या महायुद्धातील जर्मन वैमानिक रिख्तहोफेन याला ‘पूर ल मेरीत’ हा लष्करी सन्मान मिळाला होता. येथील प्राच्यविद्या मंदिरात वाचताना मॅक्स म्युलर यांनाही हाच सन्मान मिळाल्याचे आढळले. आयुष्य ग्रंथांत घालवलेल्या पंडिताला लष्करी पदक कसे?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : नाव एकच असले, तरी या सन्मानाचे वर्ग दोन आहेत. प्रशिया या जर्मन राज्याचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७४० मध्ये, गादीवर बसला त्याच वर्षी, तो सुरू केला. दरबारात फ्रेंचचे प्रस्थ असल्याने नावही फ्रेंच पडले. आरंभी व्होल्तेअरसारख्या लेखकालाही तो मिळाला होता. १८१० मध्ये मात्र तिसऱ्या फ्रेडरिक विल्हेल्मने तो रणांगणावर पराक्रम गाजवणाऱ्या अधिकाऱ्यांपुरता मर्यादित केला. गळ्यात घालायच्या या निळ्या मिन्याच्या क्रुसाच्या वरच्या भुजेवर मुकुटासह ‘एफ’ हे राजाचे आद्याक्षर, उरलेल्या तीन भुजांवर सन्मानाचे नाव आणि भुजांच्या बेचक्यांत सोनेरी गरुड असत. इम्मेलमान आणि ब्योल्के या वैमानिकांना तो जानेवारी १९१६ मध्ये, प्रत्येकी आठ विमाने पाडल्यावर मिळाला. रिख्तहोफेनला वर्षभराने तोच मान मिळेपर्यंत ही अट सोळा विमानांवर गेली होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये कैसरची सत्ता संपली आणि लष्करी वर्गही संपला.

म्युलर यांचा सन्मान दुसऱ्या वर्गातला. चौथ्या फ्रेडरिक विल्हेल्मने १८४२ मध्ये शास्त्रे आणि कला यांच्यासाठी स्वतंत्र वर्ग स्थापन केला व निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांना त्याचे पहिले प्रमुख नेमले. विद्वत्तेला शौर्याच्या बरोबरीचे स्थान देणारा हा निर्णय आम्हांला या सन्मानाच्या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. सायणभाष्यासह ऋग्वेदाचे संपादन म्युलर यांनी १८४९ पासून सहा खंडांत केले. अखेरचा खंड आणि हा सन्मान, दोन्ही १८७४ मधले. पुढे आइनस्टाइन आणि चित्रकर्ती केटे कोलविट्झ यांचाही या वर्गात समावेश झाला. पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर हॉइस यांनी १९५२ मध्ये त्याला नवजीवन दिले आणि तो आजही चालू आहे.

छायाचित्रांतून हे दोन वर्ग ओळखायचे असतील, तर पदकाचा आकार पाहावा : लष्करी वर्गाचा क्रूस असतो, तर विद्वानांचे पदक गोल असून त्याच्या मध्यभागी गरुड असतो.