घड्याळ म्हणतं उजवीकडे, वाट जाते डावीकडे

पाऊस ओसरला की सातारा-सांगलीच्या डोंगरांवर वर्दळ वाढते आणि जीपीएस घड्याळांविषयीची पत्रंही. या वेळचे निवडक प्रश्न.

प्रश्न : आम्ही तिघं यवतेश्वर घाटात एकत्र धावतो. निघायची आणि थांबायची जागा एकच, तरी तिघांची घड्याळं तीन वेगळी अंतरं दाखवतात. फरक कधी कधी तीनशे मीटरवर जातो. खरं कोणाचं मानायचं? (शाहूपुरी, सातारा)

कोणाचंच पूर्ण खरं नाही. घड्याळ रस्ता मोजत नाही. ते ठरावीक वेळानं आपली जागा काढतं आणि त्या ठिपक्यांमधल्या सरळ अंतरांची बेरीज करतं. मोकळ्या माळावरसुद्धा प्रत्येक ठिपका तीन ते पाच मीटर इकडेतिकडे पडतो. त्यामुळे सरळ रस्त्यावर रेष नागमोडी होते आणि अंतर थोडं फुगतं. घाटातल्या वळणावर नेमकं उलटं होतं. दोन ठिपक्यांत जास्त वेळ गेला तर मधलं वळण कापलं जातं आणि अंतर घटतं. तुमच्यापैकी एकाच्या घड्याळात रेकॉर्डिंग 'दर सेकंदाला' आणि दुसऱ्याच्या 'स्मार्ट'वर (ठिपका कधी घ्यायचा हे घड्याळच ठरवतं) असेल, तर निम्मा फरक तिथेच आहे. आधी तिघांचं सेटिंग एकसारखं करा.

दुसरं कारण म्हणजे डोंगर कापून केलेली रस्त्याची बाजू. उपग्रहाचा सिग्नल थेट येतो, तसा कातळावर आपटूनही येतो. आपटून आलेल्याला उशीर होतो आणि घड्याळाला तो उपग्रह जास्त लांब वाटतो. ज्या घड्याळांत दोन फ्रिक्वेन्सींची सोय आहे (एल1, म्हणजे 1575.42 मेगाहर्ट्झ, आणि एल5, म्हणजे 1176.45 मेगाहर्ट्झ) त्यांना असा परतलेला सिग्नल ओळखता येतो, कारण एल5चा संकेत जास्त बारीक कापलेला असतो. घाटात हा मोड लावा. कासच्या पठारावर त्याची गरज नाही.

चढामुळे अंतर वाढतं, हे लाडकं स्पष्टीकरण मात्र सोडून द्या. दहा टक्के चढावर नकाशातले 1000 मीटर प्रत्यक्षात 1005 होतात. तीनशे मीटरचा हिशोब त्यातून लागत नाही.

घाईनं सुरुवात करणं हाही नेहमीचा दोष. उपग्रह नेमका कुठे आहे याची माहिती घड्याळाला लागते. ती उपग्रहाकडून घ्यायला साधारण अर्धा मिनिट स्वच्छ सिग्नल हवा आणि ती काही तासच चालते. आदल्या रात्री घड्याळ फोनशी सिंक केलं की पुढच्या काही दिवसांची अंदाजी माहिती आधीच भरली जाते. मग सकाळी उघड्यावर उभं राहा, 'तयार'ची खूण येऊ द्या, वर आणखी एक मिनिट थांबा आणि मगच बटण दाबा.

प्रश्न : अजिंक्यताऱ्यावर एकाच बुरुजाची उंची सकाळी एक आणि दुपारी दुसरी दिसते. मित्राचा मोबाईल तर त्याहून साठेक मीटर कमी दाखवतो. घड्याळ बिघडलंय का? (मेढा)

नाही. हे दोन वेगळे घोळ आहेत.

तुमच्या घड्याळात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असणार. आपल्या डोंगरांच्या उंचीवर दाब एक हेक्टापास्कल उतरला की घड्याळ साधारण नऊ मीटर चढ धरतं. आता आपल्याकडे दाब रोज स्वतःच चढउतार करतो. सकाळी दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. हा फरक सहज तीन हेक्टापास्कल भरतो. म्हणजे बुरुजावर हललाही नाहीत, तरी चार वाजेपर्यंत घड्याळ तुम्हाला पंचवीस-तीस मीटर वर नेतं. वळवाचं वातावरण असेल तर आणखी.

उपाय म्हणजे निघताना उंची जुळवून घेणं. त्यासाठी खात्रीचा आकडा लागतो. रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. माहुलीकडचं सातारा स्थानक, कोरेगाव, कराड, जे जवळ असेल तिथे एकदा जाऊन घड्याळात तो आकडा भरा. लगेच घरी या आणि घराची उंची टिपून ठेवा. पुढे दर वेळी दारातच जुळवणी होते. मुक्कामी असाल तर रात्री सेन्सर 'बॅरोमीटर'वर ठेवा, म्हणजे दाबातल्या बदलाला घड्याळ चढ समजणार नाही. सकाळी निघताना परत 'अल्टिमीटर'वर आणा.

मोबाईलची गोष्ट निराळी. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत आकारापासून. खरी समुद्रसपाटी भारताच्या या भागात त्या आकाराच्या साठ मीटरहून अधिक खाली आहे. घड्याळं आणि बरीच ॲप्स ही दुरुस्ती करून आकडा देतात, काही ॲप्स कच्चाच आकडा दाखवतात. मित्राला ॲपच्या सेटिंगमध्ये समुद्रसपाटीची दुरुस्ती सापडते का ते बघायला सांगा.

शिवाय घड्याळाच्या कडेला सेन्सरची बारीक भोकं असतात. त्यात घाम आणि लाल माती बसली की आकडा तासन् तास गोठतो आणि मग एकदम उडी मारतो. कोमट गोड्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि हलवून धुवा. टाचणी घालू नका. आतला पडदा फाटला की घड्याळ पाण्यासाठीही गेलं.

प्रश्न : दिवाळीनंतर वासोट्याला जायचंय. नेटवरून जीपीएक्स फाईल (कोणीतरी चाललेल्या वाटेच्या ठिपक्यांची नोंद) घेतली आहे. ती घड्याळात कशी टाकायची, आणि तिच्या भरवशावर जावं का? (कराड)

टाकणं सोपं आहे. फाईल फोनवर उतरवा, घड्याळाच्या कंपनीच्या ॲपमध्ये उघडा, प्रकार 'हाईक' निवडा, सेव्ह करा आणि घड्याळाला पाठवा. मग फोनचं ब्लूटूथ बंद करून घड्याळात मार्ग उघडतो का, ते घरीच पाहा. फाईल ॲपमध्येच राहिली, घड्याळात गेलीच नाही, हे बहुतेकांना जंगलात कळतं.

भरवशाआधी फाईल तपासा. कॉम्प्युटरवर उपग्रहचित्रावर ती रेष टाकून सगळी पाहा. पट्टीनं आखल्यासारखा सरळ तुकडा दिसला तर तिथे सिग्नल गेला होता किंवा रेकॉर्डिंग थांबवलं होतं, तो तुकडा वाट म्हणून धरायचा नाही. एका जागी गुंतवळा दिसला तर तो कोणाचा तरी जेवणाचा मुक्काम. वासोट्याच्या फायलींत आणखी एक गंमत असते. अनेकांनी बामणोलीतच बटण दाबलेलं असतं, त्यामुळे शिवसागराच्या पाण्यावरून गेलेली लाँचसुद्धा मार्गात मोजली जाते. तेवढा भाग कापून टाका, नाहीतर अंतर आणि पोहोचायची वेळ दोन्ही खोटी येतील. पाणी उतरत जातं तशी लाँच लागायची जागाही सरकते, तेव्हा काठावरचा पहिला ठिपका जुळला नाही म्हणून गोंधळू नका.

मग स्वतःचे वेपॉइंट, म्हणजे खुणेच्या जागा, टाका. लाँचची जागा, ओढा ओलांडायची ठिकाणं आणि नागेश्वरची वाट फुटते तो फाटा, एवढे पुरेत. नावं देवनागरीत टाकू नका, कारण काही घड्याळांत चौकोन दिसतात.

चालताना स्क्रीन शंभर ते दोनशे मीटरच्या मापावर ठेवा. रेषेपासून पंधरा-वीस मीटर दूर दिसणं हा दाट झाडीतला नेहमीचा गोंधळ आहे. अंतर सतत वाढतच गेलं आणि पन्नासावर पोचलं तर थांबा. मग रेषेकडे आडवं घुसायचं नाही, आलेल्या पावली शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे फिरायचं. कारवीतून आडवी वाट काढणारे बहुतेक वेळा ढोरवाटेला लागतात, आणि ढोरवाट पाण्याकडे जाते, गडाकडे नाही. डोंगराच्या पदरात एकावर एक दोन वाटा असतील तर वरून पाहिल्यावर त्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. घड्याळ म्हणतं बरोबर आहे आणि पाय मात्र खालच्या वाटेवर. अशा वेळी फाईलमधली उंची आणि आत्ताची उंची ताडून पाहा.

'सुरुवातीकडे परत' या सोयीत दोन पर्याय असतात. एक आलेल्या वाटेनं नेतो, दुसरा सरळ रेषेत. वासोट्यावर सरळ रेष कधीच निवडू नका. घड्याळाला बाबूकडा माहीत नाही, ते बाण कड्यावरूनही दाखवील.

भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातला आहे. वन विभागाची परवानगी लागते, मुक्काम करता येत नाही, आणि वाटाड्या घेतलात तर हरकत घ्यायचं कारण नाही. परतीची लाँच सुटायच्या किमान अर्धा तास आधीचा गजर घड्याळात लावा आणि वर पोचला नसलात तरी फिरायची वेळ त्यावरून ठरवा. सूर्यास्ताची वेळ घड्याळ सांगतं ती मोकळ्या क्षितिजाची, खालच्या झाडीत अंधार त्याच्या बराच आधी पडतो.

प्रश्न : रेंज नसलेल्या ठिकाणी घरच्यांना माझं लोकेशन घड्याळावरून दिसेल का? एसओएसचं बटण आहे. (वाई)

दिसणार नाही. जीपीएस घड्याळ उपग्रहाचं ऐकतं, त्याच्याशी बोलत नाही. लाईव्ह लोकेशन असो की एसओएस, सर्वसाधारण घड्याळात ते फोनच्या इंटरनेटवरून जातं. फोनला रेंज नाही तर बटण मुकं. थेट उपग्रहावरून संदेश पाठवणारी साधनं बाजारात आहेत, पण भारतात ती दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशातून कोणी भेट आणली तरी सॅकमध्ये टाकू नका.

घरी मार्गाची फाईल आणि 'इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर' ही वेळ लिहून ठेवा. रेंज मिळाली तर 112 लावा आणि घड्याळातले अक्षांश-रेखांश वाचून सांगा. इथेच सर्वांत महागात पडणारी चूक होते. 17.69167 अंश आणि 17 अंश 41.500 मिनिटं ही एकच जागा आहे. पण दुसरा आकडा कोणी 17.4150 असा लिहून घेतला तर शोधणारे तीस किलोमीटर दक्षिणेला, उंब्रजच्या अक्षांशावर जातील. म्हणून घड्याळ दशांश अंशांवर ठेवा, एकेक अंक सुटा वाचा आणि समोरच्याकडून परत वाचून घ्या. दशांशानंतर पाच अंक म्हणजे मीटरभराची अचूकता, चार अंक म्हणजे अकरा मीटरची. चार पुरतात.

प्रश्न : धुक्यात आणि पावसात जीपीएस बंद पडतं का? (कोरेगाव)

धुकं, ढग, रेनकोट यांनी फरक पडत नाही. ओल्या, दाट पानांनी पडतो. पावसात खरा त्रास टचस्क्रीनचा असतो, कारण थेंब बोटासारखे लागून रेकॉर्डिंग थांबवतात. टच लॉक करा.

प्रश्न : दोन दिवसांच्या चालीत बॅटरी पुरत नाही. पॉवरबँक लावली तर ती थोड्या वेळानं आपोआप बंद होते. (तासगाव)

पॉवरबँक ठीक आहे. घड्याळ इतका कमी करंट ओढतं की तिला काही जोडलंय असं वाटतच नाही आणि ती स्वतःला बंद करते. अनेक पॉवरबँकांत इअरफोनसारख्या छोट्या साधनांसाठी कमी करंटचा मोड असतो, बहुतेक वेळा बटण दोनदा दाबून किंवा दाबून धरून तो लागतो. तो नसेल तर सोबत फोनही लावा, ती चालू राहील. चार्जिंगच्या पिना आधी पुसून कोरड्या करा, घाम असताना चार्ज केल्यानं त्या हिरव्या पडतात. काही घड्याळं चार्जिंगला लावताच रेकॉर्डिंग थांबवतात, हेही घरी पाहून घ्या.

खर्च कमी करायचा तर सतत उजळ स्क्रीन, नोटिफिकेशन आणि रात्रीचं ऑक्सिजन मोजणं बंद करा. मोकळ्या सोंडेवर दुहेरी फ्रिक्वेन्सी नको. पण मिनिटा-मिनिटाला एकच ठिपका घेणारा अति-बचतीचा मोड वाट शोधायला लावू नका. ताशी चार किलोमीटरनं चाललात तरी मिनिटात 66 मीटर जातात. तेवढ्यात फाटा चुकतो.

प्रश्न : उभं राहिलं की नकाशा गरगर फिरतो. (पाटण)

होकायंत्र नसलेल्या घड्याळाला दिशा तुमच्या चालण्यावरूनच कळते. दहा-वीस पावलं सरळ चाला, नकाशा स्थिरावेल. होकायंत्र असेल तर इंग्रजी आठच्या आकारात हात फिरवून ते जुळवा, पण गाडीजवळ, लोखंडी रेलिंगपाशी किंवा चुंबकाच्या बकलचा पट्टा असताना नाही. आपल्या काळ्या कातळात लोहखनिज असतं, खडकावर हात टेकवून दिशा पाहिली तर सुई सरकते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक इथे एक अंशाहूनही कमी आहे, त्याची चिंता नको.

प्रश्न : पहिलंच घड्याळ घ्यायचंय. नकाशाचं महागडं घेऊ की साधं? 'नाविक' (भारताची स्वतःची जीपीएससारखी उपग्रह यंत्रणा) असलेलं शोधू का? (विटा)

रंगीत नकाशा नसला तरी चालेल. आपल्या बऱ्याच डोंगरवाटा त्या नकाशांत नसतातच, आणि असतात त्या कोणीतरी अशाच फायलींवरून ओढलेल्या. या चार गोष्टी मात्र असू द्या : दाबाचा सेन्सर, फाईलची रेष दाखवण्याची सोय, आलेल्या वाटेनं परत नेणं, आणि ओल्या हातानं चालतील अशी खरी बटणं. जुन्या नाविक उपग्रहांचे सिग्नल एल5 आणि एस पट्ट्यात होते, घड्याळांतल्या बऱ्याच चिप्सना ते पकडता येत नसत. 29 मे 2023 रोजी सोडलेल्या एनव्हीएस-01 पासून त्यात एल1ची भर पडली. घड्याळ जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ आणि बायडू या बाहेरच्या यंत्रणांचे सिग्नल घेत असेल तर नाविकसाठी जादा पैसे मोजू नका. वाचलेल्या पैशांत एक जादा चार्जिंग केबल घ्या. प्रत्येक कंपनीची केबल वेगळी असते आणि बामणोलीच्या दुकानात ती मिळायची नाही.