कॅम्पर व्हॅनची मैल्याची टाकी: आधी पाणी, मग औषध

कॅम्पर व्हॅनमध्ये, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, टॉयलेटचा मैला साठतो त्या टाकीत कोणतं केमिकल टाकू, असं विचारताय. माझं ऐका, केमिकलचं नंतर बघू. आधी पाणी. टाकी रिकामी केली की लगेच टॉयलेटमधून दहा-पंधरा लिटर पाणी आत सोडा, तळ पूर्ण झाकला गेला पाहिजे. फ्लश करतानाही हात आखडता घेऊ नका. पाणी वाचवायच्या नादात मैला टॉयलेटच्या बरोबर खाली साचतो, वाळतो आणि दगडासारखा घट्ट होतो. मग तो निघता निघत नाही.

कॅम्पसाइटवर गाडी ड्रेनेजला जोडलेली असली तरी मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंदच ठेवा. उघडा राहिला तर पातळ निघून जातं, घट्ट मागे राहतं. टाकी दोन-तृतीयांश भरली की एका दमात सोडा. त्या जोरानेच ती धुतली जाते. आधी मैल्याची टाकी, मग सिंक-शॉवरची, म्हणजे साबणाचं पाणी पाइप धुऊन काढेल. हातमोजे हवेतच. आणि पिण्याच्या पाण्याचा पाइप इथे चुकूनही वापरू नका.

रिकामी करूनही मीटर भरलेली दाखवतोय? बहुतेकदा आतल्या सेन्सरला कागद चिकटलेला असतो. टाकीत थोडं पाणी भरून गाडी चालवा, हिंदकळून बऱ्याचदा सुटतो. कागद पटकन विरघळणाराच घ्या: बरणीत पाणी घालून हलवून बघा, चिंध्या झाल्या तर चालेल. वेट वाइप्स नकोतच, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

औषध, म्हणजे टाकीत टाकायचं केमिकल, घ्यायचंच तर जिवाणू-एन्झाइमवालं (मैला आणि कागद कुजवून विरघळवणारं) घ्या. त्याच्या जोडीला ब्लीच मात्र टाकू नका, उपयोगी जिवाणूच मरतात.