पैसे कट झाले, पण पोहोचले का?

यूपीआयच्या व्यवहारांबद्दल वाचकांनी विचारलेले चार प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

किराणा दुकानात फोनवरून ८४० रुपये दिले. माझ्या खात्यातून कट झाले, पण दुकानदाराचा स्पीकर बोललाच नाही. शेवटी रोख द्यावी लागली. आता पैसे परत कसे मिळतील? – एक वाचक, मिरज

अ‍ॅपच्या हिस्ट्रीत तो व्यवहार उघडा. तिथे ‘सक्सेस’ आहे की ‘पेंडिंग’, यावर पुढचं सगळं ठरतं.

‘सक्सेस’ असेल तर पैसे दुकानदाराच्या नावावर पडलेले आहेत. त्या स्पीकरला स्वतःचं सिम असतं. रेंज गेली की पैसे येऊनही तो गप्प बसतो. व्यवहाराच्या तपशिलात १२ आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक असतो, तो दुकानदाराला त्याच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये शोधायला सांगा. नंबर सापडला की त्याने तुमची रोख परत करायची. तुमच्या स्क्रीनशॉटवर तो विश्वास ठेवत नसेल तर रागावू नका. हुबेहूब ‘पेमेंट झालं’ असं दाखवणारी बनावट अ‍ॅपं घेऊन गिऱ्हाइकं येतात आणि त्यात छोटे दुकानदारच बुडतात.

‘पेंडिंग’ असेल तर दोनपैकी एका बँकेचं उत्तर यायचं राहिलंय. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा स्कॅन करू नका, दोन्ही व्यवहार पार पडण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या नियमाप्रमाणे खात्यातून गेलेले पण पोहोचले नाहीत असे पैसे, माणसाला पाठवलेले असतील तर दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, तीही न मागता. प्रत्यक्षात मात्र ती मागावी लागू शकते, म्हणून अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहाराखाली तक्रार नोंदवून तिचा नंबर जपून ठेवा. मग बँकेला लेखी कळवा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला फी नाही.

वडील ७४ वर्षांचे, नाशिकला एकटे राहतात. भाजी-औषधांचे पैसे त्यांना फोनवरून द्यायचे आहेत, पण पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडायला मन धजत नाही. – एक वाचक, पुणे

भीती रास्त आहे. पेन्शनचं खातं जोडूच नका. दुसऱ्या बँकेत एक साधं बचत खातं काढा, त्यात तीन-चार हजार ठेवा आणि यूपीआय फक्त त्यालाच लावा.

पण एवढ्याने काम भागत नाही. यूपीआय अ‍ॅप बँकेत नोंदवलेल्या मोबाइल नंबरावरून खाती शोधतं. पेन्शनच्या खात्याला तोच नंबर असेल, तर ज्याच्या हाती वडिलांचा फोन पडेल तो ते खातंही जोडू शकतो. नवा पिन करायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी लागतो. ओटीपी त्याच फोनवर येतो. राहिलं कार्ड, आणि ते बऱ्याच घरांत मोबाइलच्या फ्लिप कव्हरच्या खणात खोचलेलं असतं! ते आजच काढून घरी ठेवा. आधारची झेरॉक्सही त्या खणात नको, कारण पिन आधारवरूनही करता येतो. फोनला स्क्रीन लॉक हवंच. सिमलाही वेगळं लॉक लावा, म्हणजे सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी ते चालणार नाही.

याहून सोयीचा मार्ग म्हणजे यूपीआय सर्कल. यात खातं तुमचं, स्कॅन करणारे वडील. एक पद्धत अशी की ते स्कॅन करतात, तुमच्या फोनवर विनंती येते, तुम्ही पिन टाकलात की पैसे जातात. तुम्ही मीटिंगमध्ये असलात तर ते मेडिकलच्या काउंटरवर ताटकळतात, ही यातली अडचण. दुसऱ्या पद्धतीत मर्यादा आधीच ठरवून देता येते: महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,००० रुपये. वडिलांसाठी आम्ही ही दुसरी पद्धत सुचवू. मर्यादा सुरुवातीला दोन हजारच ठेवा. मात्र सगळ्या अ‍ॅपमध्ये दोन्ही पद्धती मिळतीलच असं नाही, आधी पाहून घ्या.

रोजच्या चहा-भाजीला यूपीआय लाइट, म्हणजे अ‍ॅपमधलं छोटं पाकीट पुरतं. त्यात एका वेळी ५,००० पर्यंत भरून ठेवता येतात, १,००० पर्यंतच्या व्यवहाराला पिन लागत नाही. पिनची सवय नसलेल्या माणसाला ते सोपं जातं. पण पिनचा अडसर नसल्यामुळे त्यात पाचशेच्या वर ठेवू नका.

एकाने फोन करून सांगितलं, ‘चुकून तुमच्या नंबरवर २०,००० आले, परत पाठवा.’ मेसेजही आलाय. काय करू? – एक वाचक, लातूर

मेसेजवर जाऊ नका. दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला असेल तर तो बँकेचा नाहीच. आपल्या अ‍ॅपमध्ये किंवा पासबुकात नोंद आहे का ते पाहा. नसेल तर विषय संपला.

नोंद खरीच असेल तरी त्याने सांगितलेल्या नंबरवर पैसे पाठवू नका. तारीख आणि यूटीआर लिहून शाखेत अर्ज द्या, आले त्याच खात्यात बँकेकडून परत जाऊ देत. चोरीचे पैसे असे चार खात्यांतून फिरवले जातात आणि तपासात त्या साखळीतलं प्रत्येक खातं गोठू शकतं.

आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिनच्या पडद्यावर वर रक्कम आणि नाव दिसतं, ते वाचल्याशिवाय आकडा दाबू नका. पैसे पाठवून झाले असतील तर पोलीस ठाण्यात जाण्याआधी १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पुढच्या माणसाने काढून घेण्याआधी ते रोखता आले तर परत येतात.

एक रुपयात ट्रायल घेतली होती. आता दर महिन्याला १९९ जातात. अ‍ॅप काढून टाकलं तरी थांबत नाहीत. – एक वाचक, ठाणे

तो एक रुपया देताना तुम्ही ऑटोपेला, म्हणजे ठरावीक काळाने आपोआप पैसे कापण्याला, पिनने मंजुरी दिली होती. ती यूपीआयमध्ये नोंदलेली असते, त्यामुळे अ‍ॅप काढल्याने काही होत नाही. ज्या यूपीआय अ‍ॅपमधून पैसे दिले त्याच्या प्रोफाइलमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ शोधा, कंपनीच्या नावावर दाबा आणि ‘रिव्होक’ किंवा ‘कॅन्सल’ करा. ‘पॉज’ केलंत तर ते पुढे पुन्हा सुरू होऊ शकतं. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते. ती आली की त्याच दिवशी हे करा, कारण पैसे गेल्यावर परतावा कंपनीच्या मर्जीवर उरतो.