8 जून नव्हे, 28 मे

प्रश्न (थोडक्यात): कोकणातल्या आमच्या गावातून नवा राष्ट्रीय महामार्ग जातोय. गेल्या नोव्हेंबरात जनसुनावणी झाली, तिथे आम्ही हरकती मांडल्या. पर्यावरणीय मंजुरी मिळाल्याचं 2 एप्रिलला कळलं, झाडांवर लाल रंगाने आकडे टाकायला माणसं आली तेव्हा. 8 एप्रिलला माहिती अधिकारात अर्ज केला आणि 9 मेला मंजुरीपत्राची प्रत हातात पडली. पत्रावर तारीख 24 फेब्रुवारी आहे. ईआयए अहवालात (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याच्या अहवालात) आमच्या नळपाणी योजनेची विहीर आणि तिच्या वरचा व्हाळ, म्हणजे ओढा, दाखवलेलाच नाही. प्रत मिळाल्यापासून 30 दिवस, म्हणजे 8 जूनपर्यंत अपिलाला वेळ आहे असं आम्ही धरून चाललोय. तोवर पालकमंत्र्यांना निवेदन देतोय. भाताची पेरणी उरकली की पुण्याला येऊ. चालेल ना मॅडम?

उत्तर: नाही, चालणार नाही. तुमची मेल आज, 20 मेला सकाळी वाचली. एरवी उत्तराला मला आठवडा लागतो, पण तुमच्या हातात आठवडाच उरलाय, म्हणून आजच लिहितेय.

जनसुनावणी म्हणजे काय, मंजुरी कोण देतं, हे सगळं तुम्ही अनुभवलेलं आहे, त्यात वेळ घालवत नाही. तुमचं प्रकरण जगेल की मरेल हे एका क्रियापदावर ठरणार आहे. अपील ऐकतं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, पर्यावरणाच्या वादांसाठीचं खास न्यायालय, ज्याचं आपल्याकडचं खंडपीठ पुण्यात आहे. त्याचा 2010 चा कायदा, कलम 16. मंजुरीचा आदेश ज्या तारखेला कळवला गेला, त्या तारखेपासून 30 दिवसांत अपील करायचं. सबळ कारण दिलंत तर आणखी 60 दिवसांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो. एकूण 90. त्यापुढे उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणालाच नाही. मग विहीर खरी असो, व्हाळ खरा असो, कोणी ते पान उघडूनही बघत नाही.

कायद्यात 'कळला' असं नाही, 'कळवला' असं आहे. तुम्ही मोजताय ती प्रत हातात पडल्याची, म्हणजे तुमच्या लेखी कळल्याची तारीख. कायदा मोजतो कळवल्याची.

कळवायचं कोणी आणि कसं, हे 2006 च्या ईआयए अधिसूचनेच्या परिच्छेद 10 मध्ये आहे. प्रकल्पकर्त्याने दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने आदेश सरकारी पोर्टलवर, म्हणजे संकेतस्थळावर, टाकायचा. आणि प्रत ग्रामपंचायतीला द्यायची, जी पंचायतीने मिळाल्यापासून 30 दिवस फळ्यावर लावून ठेवायची. तीन वाटा, तीन तारखा. यातली कुठली धरायची? अरुणाचलात तवांगकडच्या न्यामजांग छू जलविद्युत प्रकल्पाच्या प्रकरणात हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये सांगितलं की यांपैकी ज्याने आपलं काम सर्वांत आधी पूर्ण केलं, त्याच्या तारखेपासून घड्याळ सुरू होतं. सर्वांत आधीची तारीख, तुमच्या सोयीची नव्हे.

तरीही माहिती अधिकाराची तारीख धरता येईल अशी आशा असेल, तर गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातल्या तल्ली ग्रामपंचायतीचं काय झालं ते बघा. चुनखडीच्या खाणीला 2017 मध्ये मंजुरी मिळाली. पंचायतीने तुमच्यासारखाच हिशेब केला, माहिती अधिकारात उत्तर मिळालं त्या दिवसापासून. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये सांगितलं की मुदत पहिल्यांदा कळवल्यापासूनच सुरू होते. पंचायत हरली. या एका तारखेच्या प्रश्नाचा निकाल लागायला आठ वर्षं गेली! खाण योग्य होती की अयोग्य, याला कोणी हातही लावला नाही. मला याचा मनापासून राग येतो. गावातल्या माणसाने रोज पोर्टल उघडून बघावं ही अपेक्षा कुठल्या हिशेबात बसते? पण हा राग बाजूला ठेवूनच तुम्हाला सल्ला द्यावा लागेल, कारण आज कायदा असा उभा आहे.

आता तुमच्या तारखा. तुम्ही पाठवलेल्या पोर्टलच्या पानावर आदेश 27 फेब्रुवारीला चढवल्याचं दिसतंय. वर्तमानपत्रातली जाहिरात 5 मार्चची. ग्रामसेवक म्हणतात प्रत 12 मार्चला आली. सर्वांत आधीची तारीख 27 फेब्रुवारी. तिथून 30 दिवस 29 मार्चला संपले, म्हणजे झाडांवर रंग पडला त्याच्या आधीच. आणि 90 दिवस संपतात 28 मे रोजी. तुमच्या 8 जूनला तुम्ही 101 व्या दिवशी पुण्यात पोहोचला असता.

म्हणून अपील मंगळवारी, 26 मेला दाखल झालंच पाहिजे. 28 ची वाट बघायची नाही. मध्ये शनिवार-रविवार आहे, ऑनलाइन दाखल करताना ऐनवेळी फाइल चढत नाही, शपथपत्रावरची सही राहून जाते. हे मी प्रत्येक वेळी पाहिलंय. अपिलात त्रुटी निघाल्या तर त्या दुरुस्त करायला वेळ मिळतो. मुदत गेली तर काहीच मिळत नाही. अर्धवट का होईना, वेळेत.

26 मेला दाखल केलंत तर उशीर 58 दिवसांचा होतो, आणि तो माफ करून घेण्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागेल. त्यात प्रत्येक टप्प्याचा हिशेब द्यायचा, 'आम्ही खेडेगावातले, आम्हाला माहिती नव्हतं' एवढं पुरत नाही. इथे तुमच्याकडे एक चांगली गोष्ट आहे आणि एक वाईट.

चांगली गोष्ट ती जाहिरात. तुमच्या भाच्याने काढलेला फोटो मी मोठा करून बघितला. निविदा सूचनांच्या खाली, बोटाएवढी चौकट. 'पर्यावरणीय मंजुरी प्राप्त झाली असून प्रत संकेतस्थळावर उपलब्ध आहे', एवढंच. केंद्राकडून मंजुरी घेणाऱ्या प्रकल्पाने मंजुरी अटींसह आणि संरक्षक उपायांसह प्रसिद्ध करायची असते, असं परिच्छेद 10 म्हणतो. या चौकटीत एकही अट नाही. पंचायतीचा फळा काचेच्या कपाटात आहे, किल्ली हरवलेली, आत घरपट्टीच्या जुन्या नोटिसा, असं तुम्ही लिहिलंय. तिथे मंजुरी लागलीच नसेल तर तेही सांगा. मात्र मुदतच सुरू झाली नाही असं यातून ठरेल यावर भिस्त ठेवू नका, कारण पोर्टलची तारीख उभीच आहे. हे मुद्दे उशिराचं कारण म्हणून वापरा. तिथे त्यांना वजन आहे.

वाईट गोष्ट तुमचा 8 एप्रिलचा अर्ज. त्यात तुम्ही '24 फेब्रुवारीची पर्यावरणीय मंजुरी' असं तारखेसह लिहिलंय. म्हणजे त्या दिवशी तुम्हाला मंजुरी ठाऊक होती आणि ती पोर्टलवर पूर्ण उपलब्ध होती. समोरचे वकील पहिल्याच तारखेला हा अर्ज पुढे करतील. 8 एप्रिल ते 9 मे हे दिवस 'प्रतीची वाट बघत होतो' म्हणून निभावतील, असं मला वाटतं, खात्री देत नाही. 9 ते 20 मे हे अकरा दिवस मात्र कसे समजावणार? निवेदनं देत होतो? निवेदनाने मुदत थांबत नाही. जिल्हाधिकारी, पालकमंत्री, खासदार, कोणालाही दिलेलं असो. दर महिन्याला अशा दोन-तीन मेल येतात आणि प्रत्येकीला निवेदनांचा गठ्ठा जोडलेला असतो, पोचपावतीच्या शिक्क्यांसह, नीट लावलेला. काही वर्षांपूर्वी घाटावरच्या एका गावातली माणसं असाच गठ्ठा घेऊन माझ्याकडे 96 व्या दिवशी आली होती. तरीही अपील दाखल केलं. मुदतीबाहेर म्हणून पहिल्याच दिवशी फेटाळलं गेलं, दहा मिनिटांत. त्यातल्या एका आजोबांनी बाहेर आल्यावर विचारलं, 'आमची बाजू कधी ऐकणार?' मला उत्तर देता आलं नाही.

आणि नोव्हेंबर ते एप्रिल तुम्ही काय केलंत? सुनावणीत बोललो, कलेक्टरसाहेबांनी मान डोलावली, म्हणजे झालं, असं धरून बसलात. सुनावणीनंतर प्रकरण दिल्लीत तज्ज्ञ मूल्यांकन समितीपुढे जातं. तिच्या बैठकीची विषयपत्रिका आणि इतिवृत्त दोन्ही पोर्टलवर येतात. पंधरा दिवसांनी एकदा गावातल्या कॉलेजच्या एखाद्या पोराने बघितलं असतं तर आज ही धावपळ नसती. रागावून सांगते, पण पुढच्या टप्प्यांसाठी सांगते, कारण वनजमिनीची मंजुरी असेल तर तिचं अपीलही याच कलमाखाली, याच मुदतीत आणि वेगळं करावं लागतं.

अपील जिंकाल का, यावर मी आज बोलणार नाही. पूर्ण ईआयए अहवाल मी पाहिलेला नाही. मुद्दा दमदार दिसतो एवढंच म्हणते. अर्जात महत्त्वाची माहिती दडवली किंवा चुकीची दिली तर दिलेली मंजुरी रद्द होऊ शकते, असं अधिसूचनेच्या परिच्छेद 8 मध्येच आहे. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात प्राथमिक अर्जात परिसरातल्या संवेदनशील क्षेत्रांची माहिती दिली नव्हती, म्हणून मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी स्थगित केली आणि तज्ज्ञ समितीला पुन्हा विचार करायला लावला. मात्र जानेवारी 2020 मध्ये तीच स्थगिती उठली, जादा अटी घालून. तवांगच्या प्रकल्पाची मंजुरीही 2016 मध्ये स्थगित झाली, काळ्या मानेच्या क्रौंचांच्या हिवाळी मुक्कामाचा अभ्यास नीट न केल्यामुळे. हरकतींना समितीने कारणांसह उत्तर द्यायला हवं, हे दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये गोव्यातल्या रिवणच्या खाणीबाबत सांगितलेलं आहे. म्हणून समितीचं इतिवृत्त काढून विहिरीवर त्यांनी काय लिहिलंय ते बघा. एकच ओळ असेल, किंवा काहीच नसेल, तर तो तुमचा पहिला मुद्दा. रस्ता आमच्या गावातून नको, हा मुद्दा करू नका. मार्ग कुठून न्यायचा हे न्यायाधिकरण सहसा ठरवत नाही.

कागदांचं आजच सुरू करा. मंजुरीपत्राची पोर्टलवरची प्रत चालेल. विहिरीचा पुरावा म्हणून नळपाणी योजनेची मंजुरी, सातबारावरची नोंद आणि रस्त्याच्या आखणीपासूनचं अंतर दाखवणारा नकाशा लागेल. सुनावणीचं इतिवृत्त आणि तुम्ही दिलेली लेखी हरकत, पोचेसह, जोडा. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, आणि तिथेच लोकांचे चार दिवस जातात. नुकसानभरपाई मागत नसाल तर अपिलाची फी 1000 रुपये आहे, पैशासाठी अडू नका. ग्रामसभेचा ठराव असला तर उत्तम, नसला तर त्यासाठी थांबू नका. बाधित म्हणून एक जणही अपील करू शकतो. ज्याचं पाणी त्या विहिरीवर आहे, त्याच्या नावाने करा.

अपिलासोबत स्थगितीचा अर्ज न विसरता द्या. अपील दाखल झाल्याने काम थांबत नाही. कायदा म्हणतो सहा महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. मोपाची मंजुरी ऑक्टोबर 2015 ची होती, हरित न्यायाधिकरणाचा निकाल लागला ऑगस्ट 2018 मध्ये. तेवढ्या काळात तुमच्या गावातलं लाल आकड्याचं एक झाड उभं राहणार नाही.

तुम्ही विचारलेल्या बाकीच्या गोष्टींवर थोडक्यात. उच्च न्यायालयाचा रिट अधिकार (सरकारी निर्णयाविरुद्ध थेट दाद देण्याचा) शाबूत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलंय, पण अपिलाची मुदत हातात असताना ती सोडून तिकडे जाणाऱ्याला पहिला प्रश्न 'अपील का केलं नाही' हाच येतो. दिवाणी न्यायालयात जाऊच नका, कायद्याने तो रस्ता बंद आहे. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 14 खाली सहा महिन्यांची मुदत आहे, असं कोणीतरी तुम्हाला सांगितलंय. ती आहे, पण ती मंजुरीविरुद्ध वापरता येत नाही. उद्या त्यांनी मुरुमाचा भराव व्हाळात टाकला, अटी मोडल्या, तर तेव्हा ते कलम कामाला येईल. जमिनीचा मोबदला घेतला म्हणून अपील बुडतं असं नाही, पण पावतीवर 'हरकत राखून' असं लिहून मगच सही करा. माहिती दडवल्याबद्दल मंजुरी रद्द करा, असा अर्ज मंत्रालयाला वेगळा करता येतो. करा, पण अपील दाखल झाल्यावर.

उद्या सकाळी पहिलं काम ग्रामपंचायतीत. आवक नोंदवहीतलं 12 मार्चचं पान बघायला मागा आणि नक्कल घ्या. नकलेला वेळ लागतो म्हणाले तर अर्ज देऊन ठेवा आणि तोवर फोटो काढा, आधीची आणि नंतरची नोंदही दिसेल असा. त्याच वेळी फळ्याच्या कपाटाचाही फोटो काढा, कुलपासकट.